पळून कोण जातो?
जामिनाचा कायदा आणि गावकुसाबाहेरचा फिर्यादी

जामिनाच्या अर्जावर न्यायालय जे प्रश्न विचारते, त्यांतला पहिला प्रश्न शतकाहून अधिक काळ एकच राहिला आहे. आरोपीला सोडले तर तो पळून जाईल काय? त्यामागून दुसरा येतो: तो पुराव्यात ढवळाढवळ करील काय, साक्षीदारांना दम देईल काय? हे प्रश्न ज्यांनी घडविले त्यांच्या नजरेसमोर घरदार टाकून परागंदा होऊ शकणारा आरोपी होता. गावातला बागायतदार आरोपी कशाला पळेल? त्याची जमीन, विहीर, वाडा, सोसायटीतली खुर्ची, सोयरेधायरे सगळे गावातच असते. पळून जातो तो फिर्यादी. पोराबाळांसह, भांडीकुंडी डोक्यावर घेऊन, तालुक्याच्या गावी कुणा नातेवाइकाच्या झोपडीत जाऊन राहतो आणि तिथून तारखांना येतो.

मी शाळामास्तर. वकिलीशी माझा संबंध नाही. पण मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात नोकरी करताना आणि नंतरही आमच्या लोकांबरोबर न्यायालयाच्या व्हरांड्यात बसण्याचे काम माझ्याकडे आपसूक आले; अर्ज लिहून देणारा कुणीतरी लागतो म्हणून. तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. खून, जाळपोळ, बलात्कार, वस्तीवर जमाव करून हल्ला, अशा गुन्ह्यांतील आरोपीला खटला उभा राहण्याआधी मोकळे सोडावे की नाही? कायदेपंडित ह्याचे उत्तर व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून शोधतात. आपल्याला ते गावाच्या नकाशातून शोधावे लागते. कारण आरोपी गावात राहणार असेल तर फिर्यादी राहू शकत नाही, आणि फिर्यादीला राहायचे असेल तर आरोपीने काही काळ तरी बाहेर असले पाहिजे. दोघांपैकी एकाने गाव सोडायचेच आहे. कोणी सोडावे, एवढेच जामिनाचा हुकूम ठरवीत असतो.

इंग्रजांनी १८९८ साली जी फौजदारी प्रक्रिया संहिता केली, तिच्यातील ४९७ वे कलम पुढे १९२३ च्या दुरुस्तीनंतर स्थिरावले. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा काळ्या पाण्याची शिक्षा आहे, त्यात आरोपी दोषी असल्याचे मानायला सबळ कारण दिसत असेल तर खालच्या न्यायालयाने त्याला सोडू नये. बालक, स्त्री, आजारी माणूस यांना अपवाद. वरच्या न्यायालयांना मात्र मोकळा अधिकार. म्हणजे गंभीर गुन्ह्यात जामीन नाकारणे हे आजचे नवे काही नाही, ते कायद्याच्या पायातच आहे. याउलट जामीन हा नियम आणि नकार हा अपवाद, हे जे तत्त्व आज सर्रास सांगितले जाते, ते ठळकपणे मांडले गेले मीरत कटाच्या खटल्यात. १९२९ साली डांगे, निंबकर, जोगळेकर आदी कामगार पुढाऱ्यांना पकडून मीरतला नेले होते. १९३१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे त्यांच्यापैकी काहींचे जामिनाचे अर्ज आले, आणि हे तत्त्व ज्या अर्जावर उच्चारले गेले तो हचिन्सन नावाच्या एका इंग्रज पत्रकाराचा होता. तत्त्व चांगलेच आहे. कोणाच्या निमित्ताने सुचले, एवढे नोंदवून ठेवतो.

त्याच काळात गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, मांग-गारुडी यांच्या वस्त्यांच्या वस्त्या हजेरीच्या पटावर होत्या. तिथे जामिनाचा प्रश्नच नव्हता, कारण आरोपच नव्हता. जन्म हाच आरोप. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पोलीस ठाण्याच्या मनातून गेला का, हे भटक्या-विमुक्तांच्या कार्यकर्त्यांना विचारावे.

स्वातंत्र्यानंतर १९६९ साली विधी आयोगाने आपल्या ४१ व्या अहवालात एक नवी शिफारस केली. वजनदार माणसे आपल्या प्रतिस्पर्ध्यांना खोट्या खटल्यात अडकवून चार दिवस कोठडीत बसवितात, बेअब्रू करतात. सबब अटकेआधीच जामीन मागण्याची सोय असावी. हीच सोय १९७३ च्या संहितेत ४३८ वे कलम होऊन आली आणि १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली. अटकपूर्व जामिनाचा जन्म असा प्रस्थापितांच्या आपसांतल्या चुरशीतून झाला आहे. शेतमजुराला अटक होणार हे त्याला अटक झाल्यावर कळते. अटकेआधी वकील गाठणे, जिल्ह्याला जाणे, अर्ज करणे हे ज्याला पोलीस ठाण्यातून आधी निरोप येतो त्याचे काम आहे.

आणि जामीन मिळाला तरी जामीनदार कुठून आणायचा? न्यायालयाला ऐपत दाखवावी लागते. आपल्याकडे ऐपत म्हणजे सात-बारा. ज्याच्या नावावर उतारा नाही, त्याच्यासाठी उभा राहणारा भाऊबंदही बहुधा भूमिहीनच असतो. मग ज्याच्या शेतात राबतो त्याच्याच दारात जामीनकीसाठी उभे राहायचे. आजोबाने पूर्वी सालगडी म्हणून अंगठा दिला, नातवाने जामिनासाठी द्यायचा. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण आले. त्याला जामीन मंजूर झाला होता, पण दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याची जामीनकी नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले आणि खालच्या न्यायालयांना चांगले खडसावले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतून वर्षानुवर्षे खितपत पडलेले कच्चे कैदी देशाला दिसले. त्यांतील कित्येकांवर जो आरोप होता, त्याला सांगितलेल्या शिक्षेपेक्षा अधिक काळ ते आत होते. २००५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न देऊ शकणारा माणूस निर्धन समजून त्याला जातमुचलक्यावर सोडावे असे ठरले. तरीही २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांतील दर चार माणसांत तिघे कच्चे कैदी होते, आणि त्यांतील सुमारे एक पंचमांश अनुसूचित जातींचे.

हे सारे आधी सांगितले, कारण जामीन नाकारण्याची बाजू घेणारा दलित लेखक सूडबुद्धीने बोलतो असे म्हणायला काही विद्वान टपलेलेच असतात. जामिनाची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक आहे? ती ठाऊक असूनही १९८९ साली एका कलमासाठी आपण संसदेकडे हट्ट धरला. त्यामागे वीस वर्षांचा इतिहास आहे.

२५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तामिळनाडूतील किळवेनमणी येथे मजुरीवाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांची वस्ती पेटविली गेली. एका झोपडीत आसरा घेतलेली ४४ माणसे, त्यांत बहुतेक बायका-मुले, जळून मेली. २५ डिसेंबर हा मनुस्मृतिदहनाचाही दिवस. नागपट्टणमच्या सत्र न्यायालयाने जमीनदारांना शिक्षा दिली, पण १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते सारे निर्दोष सोडले. मोटारी बाळगणारे, मोठ्या जमिनींचे धनी स्वतः पायी चालत जाऊन झोपड्या पेटवितील हे न्यायालयाला पटेना. मला वाटते, जामिनाच्या अर्जावर ‘प्रतिष्ठित गृहस्थ आहेत, पळून जाणार नाहीत’ हे जे वाक्य वकील टाकतात, त्याचेच हे निकालपत्रातले मोठे भावंड आहे.

आपल्याकडे २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि पाठोपाठ मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळले गेले. घरे जळाली, विहिरींत रॉकेल पडले, आणि लोक उठले ते थेट शहरांकडे. पुढे औरंगाबाद, नांदेड, परभणीच्या कडेला ज्या वस्त्या वाढल्या, त्यांतल्या कित्येक घरांचा पत्ता ह्या जुलै-ऑगस्टमध्ये लिहिला गेलेला आहे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने फिर्याद दिली होती. आरोपी काही दिवसांत गावी परतले, चावडीवर बसू लागले. कुटुंब मात्र परतले नाही. खटला चालला तेव्हा त्यांच्यातला एकच जण साक्षीला आला, आणि आपण कोणाला ओळखले नाही असे सांगून गेला. त्याला फितूर म्हणणे सोपे आहे. त्याची म्हातारी आई अजून त्या गावात होती.

१७ जुलै १९८५ रोजी आंध्रातल्या कारमचेडू येथे सहा दलित मारले गेले. वाचलेले लोक चिराला गावात छावणी करून राहिले, आम्ही परत त्या गावात जाणार नाही असे त्यांनी सांगितले, आणि त्या छावणीतून आंध्र प्रदेश दलित महासभा उभी राहिली. ह्या खटल्यातील एका प्रत्यक्षदर्शी साक्षीदार स्त्रीचा पुढे खून झाला. जामिनाच्या अर्जावरचा तो दुसरा प्रश्न, साक्षीदारांना दम देईल काय, इथे त्याचे उत्तर मिळते. सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला २००८ साल उजाडले.

ह्या पार्श्वभूमीवर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला, ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. त्यातले १८ वे कलम एका वाक्याचे आहे: ह्या कायद्याखालील गुन्ह्याच्या आरोपीला ४३८ कलमाचा, म्हणजे अटकपूर्व जामिनाचा, लाभ मिळणार नाही. ध्यानात घ्यावे की अटक झाल्यानंतरच्या नेहमीच्या जामिनाचे दार त्याने बंद केलेले नाही. मागितले होते ते इतकेच की तक्रार नोंदवून फिर्यादी घरी पोचण्याआधी आरोपी कागद खिशात घालून चावडीवर हजर नसावा.

एवढेही रुचले नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम समतेच्या आणि जीवितस्वातंत्र्याच्या हक्काविरुद्ध ठरविले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने बालोथिया प्रकरणात तो निर्णय फिरविला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: अटकपूर्व जामीन हा जुन्या संहितेत नव्हता, तो मूलभूत हक्काचा भाग नव्हे; दलित आपले हक्क मागू लागले की हितसंबंधी लोक त्यांना दहशत घालतात, आणि अशा आरोपींना आधीच मोकळे सोडले तर ते दहशत घालून तपासच होऊ देणार नाहीत. अत्याचाराचा गुन्हा गावाच्या रचनेतून उगवतो, हे न्यायासनावरून क्वचितच इतक्या स्वच्छ शब्दांत मान्य झाले असेल. त्याच १९९५ साली महाराष्ट्रात सत्तेवर आलेल्या युती सरकारने मात्र ॲट्रॉसिटी कायद्याखालचे अकराशेंहून अधिक खटले मागे घेण्याचे ठरविले. खटलाच नसेल तर जामीन कशाला?

आणि मग खैरलांजी. भंडारा जिल्ह्यातल्या ह्या गावी २९ सप्टेंबर २००६ ला एका घरातली आई, मुलगी आणि दोन मुले मारली गेली, हे सर्वांना माहीत आहे. त्या दिवशी दुपारी काय घडले हे मात्र भाषणांतून फारसे सांगितले जात नाही. त्याच महिन्याच्या सुरुवातीला शेजारच्या गावच्या एका दलित पोलीस पाटलाला मारहाण झाली होती, आणि त्या प्रकरणात ह्या मायलेकींनी आरोपी ओळखून दाखविले होते. त्या आरोपींना २९ सप्टेंबरलाच अटक झाली, त्याच दिवशी ते जामिनावर सुटले, आणि संध्याकाळी ह्या घरावर चालून गेले. साक्षीदार कोण, हे त्यांना ठाऊक होते. घर कुठे, हे विचारावे लागले नाही. जामीन देणाऱ्याने कायद्याचे कोणते कलम मोडले, असे विचाराल तर कदाचित एकही नाही. मारहाणीचा गुन्हा, स्थानिक रहिवासी, पळून जाण्याचा संभव नाही! पुढे २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, सहांना फाशी दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही ठिकाणी टिकला नाही.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण जामीन नाकारला म्हणजे न्याय झाला अशी समजूत आपल्या कार्यकर्त्यांत बळावलेली दिसते. बिहारमध्ये रणवीर सेनेने १९९६ साली बथानी टोल्यात २१ आणि १९९७ साली लक्ष्मणपूर बाथे येथे ५८ माणसे मारली. सेनेचा प्रमुख ब्रह्मेश्वर सिंह २००२ मध्ये पकडला गेला आणि २०११ मध्ये जामिनावर सुटला. नऊ वर्षे तो आत होता. पण त्या नऊ वर्षांत झाले काय? बथानी टोल्याच्या खटल्यात पोलिसांच्या लेखी तो फरारी होता, आणि प्रत्यक्षात त्याच आरा गावच्या तुरुंगात बसला होता. २०१२ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बथानीचे तेवीस आरोपी सोडले, २०१३ मध्ये बाथेचेही सोडले. आंध्रातल्या चुंडूरला १९९१ मध्ये आठ दलित मारले गेले. तिथल्या लोकांनी हट्टाने गावातच विशेष न्यायालय भरविले, तरी निकाल यायला २००७ साल लागले, आणि २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले. खटला लांबला की आरोपीची कोठडी हीच शिक्षा ठरते, ती संपली की लोक म्हणतात ‘भोगले त्याने’, आणि तिकडे पुरावा कुजतो. जामिनाला विरोध करणारा अर्ज आणि खटला रोज चालविण्याचा अर्ज हे एकाच दिवशी द्यायला हवेत. आपण पहिला देतो, मोर्चा काढतो, आणि दुसरा विसरतो.

२० मार्च २०१८ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात १८ व्या कलमाचा कणा मोडला. आधी चौकशी, मग वरिष्ठांची परवानगी, मग अटक, आणि अटकपूर्व जामिनाला पूर्ण मनाई नाही. २ एप्रिलला भारत बंद झाला, गोळीबार झाले, माणसे मेली, उत्तरेत शेकडो दलित तरुण तुरुंगात गेले. जामिनाच्या एका कलमासाठी रस्त्यावर उतरलेल्यांना स्वतःच्या जामिनासाठी महिनोन् महिने थांबावे लागले, ही त्या आंदोलनाची कडवट तळटीप. त्याच वर्षी संसदेने १८-अ कलम घालून निर्णय पुसला, २०१९ मध्ये न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० ला १८-अ वैध ठरविले. एक फट मात्र ठेवली: फिर्यादीवरून गुन्हा प्रथमदर्शनीच दिसत नसेल तर मनाई लागू नाही. ह्या फटीतून किती जण जातात हे पाहायला कुठल्याही उच्च न्यायालयाच्या फलकासमोर उभे राहावे. धाराशिव जिल्ह्यातील एका प्रकरणात असाच दिलेला अटकपूर्व जामीन सप्टेंबर २०२५ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने रद्द केला, आणि त्या टप्प्यावर पुराव्याची छाननी करीत बसू नये असे बजावले. दिल्लीपर्यंत जाणारा फिर्यादी शंभरात एखादा.

मग प्रश्न उरतो तो १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगावचा. तिथे अभिवादनाला आलेल्यांवर हल्ला झाल्याच्या फिर्यादीतील एका प्रमुख आरोपीला मार्चमध्ये अटक झाली आणि एप्रिलमध्ये जामीन मिळाला. एल्गार परिषदेच्या प्रकरणात पकडलेल्यांना यूएपीए लावला गेला. त्या कायद्यात २००८ साली घातलेल्या तरतुदीने जामीन जवळजवळ अशक्य होतो. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, आत गेले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बाहेर आले. ‘विद्रोही’चे सुधीर ढवळे आधी २०११ ते २०१४ कच्चे कैदी राहून निर्दोष सुटले होते, २०१८ ला पुन्हा पकडले, जामीन जानेवारी २०२५ मध्ये. फादर स्टॅन स्वामी ८४ व्या वर्षी कोठडीतच गेले. तुम्ही एका कायद्यात जामीनबंदी मागता आणि दुसऱ्यात तिच्याविरुद्ध ओरडता, असा टोला मला एका व्याख्यानानंतर मारला गेला. त्याला माझे उत्तर असे की दोन्हींकडे मी एकच गोष्ट पाहतो: हा माणूस बाहेर आला तर कोणाच्या घरावर सावली पडणार आहे? १८ व्या कलमाच्या आड एक घर आहे, त्याला पत्ता आहे, त्यात साक्षीदार झोपलेला आहे. पुस्तके आणि संगणक जप्त करून लेखकाला वर्षानुवर्षे आत ठेवताना असे कुठले घर दाखविता येते? राज्यसंस्थेला आपली भीती वाटते म्हणून माणूस आत ठेवणे, आणि दुर्बळाला सबळाची भीती आहे म्हणून सबळाला काही काळ दूर ठेवणे, ह्यांना एका तागडीत कसे तोलणार?

दूर ठेवणे, हा शब्द मी मुद्दाम वापरतो. बाबासाहेबांना ही गोष्ट फार आधी दिसली होती. १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी वसाहत आयोग मागितला, सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा असे सुचविले. गावात राहून गावाविरुद्ध न्याय मिळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. वसाहती झाल्या नाहीत. आजच्या कायद्याचा उपायही कोणाला हलवतो? २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या १५-अ कलमात पीडित आणि साक्षीदार यांचे स्थलांतर, प्रवासखर्च, निर्वाहखर्च यांची तरतूद आहे. चांगली आहे, पण पुन्हा घर सोडायचे ते आमच्याच माणसाने.

त्याच १५-अ मध्ये आणखी एक गोष्ट आहे. जामिनासह कोणत्याही सुनावणीची आगाऊ सूचना पीडिताला मिळण्याचा आणि तिथे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये हरिराम भांभी प्रकरणात, राजस्थानातल्या एका खुनाच्या खटल्यात, ही सूचना दिली नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचा जामीन रद्द केला. आमच्या भागात ही सूचना घेऊन येतो तो त्याच ठाण्याचा शिपाई. कधी ती सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी येते, कधी ‘पत्त्यावर आढळून आले नाहीत’ असा शेरा घेऊन परत जाते. आढळणार कसे, ते गाव सोडून गेलेले असतात. जामीन दिलाच तर खटला संपेपर्यंत आरोपीने तालुक्यात पाऊल ठेवू नये, अशी अट काही न्यायाधीश घालतात. ती अट बहुधा फिर्यादीने उभे राहून मागावी लागते, आणि मागायला तारीख ठाऊक असावी लागते. गाव सोडावे लागलेल्या फिर्यादीने नवा पत्ता लेखी अर्जाने विशेष न्यायालयात आणि सरकारी वकिलाकडे नोंदवावा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. हा अर्ज मी आता फिर्यादीबरोबरच लिहून देतो.